गेट उघडा, बोहारणीला आत येऊ द्या

बदलापूर असो, अंबरनाथ असो की उल्हासनगर, नव्या संकुलाच्या गेटवर एक पाटी हमखास दिसते. ‘फेरीवाले, भंगारवाले, विक्रेते यांना प्रवेश बंद.’ आणि त्याच गेटच्या आत, जिन्याखाली, कचऱ्याचे डबे ओसंडत असतात. त्यात पुठ्ठ्याची खोकी असतात, घडी न मोडलेली वर्तमानपत्रं असतात, कुठेही न फाटलेले शर्ट असतात, दांडा तुटलेली कढई असते. पैसे देऊन माल नेणाऱ्याला गेटबाहेर थांबवायचं आणि तोच माल घंटागाडीत फुकट टाकायचा, हा व्यवहार कुठल्या हिशोबात बसतो?

माझं सांगणं सरळ आहे. या तीन शहरांना घरचा कचरा कमी करायचा असेल, तर यंत्रं आणि प्रकल्प नंतर. आधी ते गेट उघडा. बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, गोधडी शिवणारी, चप्पल शिवणारा, कुकर-मिक्सर दुरुस्त करणारा ही माणसं आपल्या भागात अजून आहेत. त्यांना दारातच उभं केलं नाही, तर ती धंदा सोडतील आणि मुलांना तर या धंद्यात मुळीच आणणार नाहीत. मग त्याच कामासाठी नगरपालिकेला ठेका द्यावा लागेल आणि त्याचे पैसे तुमच्या-माझ्या करातून जातील.

बोहारीण काय करते ते नीट बघा. ती दारात बसते, साडी उलगडून उजेडात धरते, काठ तपासते, शर्टाची कॉलर उलटी करून बघते. चार साड्या आणि दोन पँटींवर एक स्टीलचं पातेलं. तिला लहान द्यायचं असतं, तुम्हाला मोठं हवं असतं. घासाघीस होते. ती झाली की तुमच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा होतो आणि त्यातलं एक कापडही कचऱ्यात जात नाही. ती ते धुते, बटणं लावते, उसवलेलं शिवते आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकते. अगदी विरलेलं सुती कापड गॅरेजमध्ये यंत्र पुसायला जातं. कपडा अंगावरून उतरल्यावर त्याची इतकी काळजी घेणारं दुसरं कुणी आपल्या शहरात नाही.

सोसायटीच्या सभेत लगेच प्रश्न येतो: चोऱ्या झाल्या तर? भीती खोटी नाही. दिवसभर घरं बंद असतात, माणसं लोकलमध्ये असतात. पण त्यावर उपाय आहे आणि तो पुण्यात होऊन गेलेला आहे. तिथे १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यांच्या ओळखपत्रांना १९९६ साली पुणे महापालिकेने मान्यता दिली. २००८ पासून याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा उचलते आहे. ओळखपत्र, ठरलेला वार, ठरलेली वेळ. रविवारी सकाळी दहा ते बारा भंगारवाल्याला आवारात एक कोपरा द्या. वॉचमनच्या वहीत त्याचं नाव लिहा. एवढ्याने भागतं.

कायदाही हेच सांगत आला आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या कुंपणबंद संकुलांवर स्पष्ट जबाबदारी टाकली: कचरा आवारातच वेगळा करा, पुन्हा वापरात येणारा माल अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना द्या, ओल्याचं खत किंवा गॅस शक्य तितका आवारातच करा. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचं काम नगरपालिकांना नेमून दिलं. म्हणजे नियमाने ज्यांना आत बोलवायला सांगितलं, त्यांनाच आपण पाटी लावून बाहेर ठेवलं आहे. जाहिरातीत जिम, पोहण्याचा तलाव आणि क्लबहाऊस दाखवणाऱ्या संकुलांत खताचा हौद कुठे आहे, हे घर घेताना विचारायला शिका.

उल्हासनगरला तर काटकसर बाहेरून कुणी शिकवायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली एक लाखाच्या आसपास माणसं इथल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात राहिली. बराकीत गोणपाट आणि चादरी टांगून एकेका कुटुंबाने आपली जागा केली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं, तरी कॅम्प एक ते कॅम्प पाच आजही पत्त्यात आहेत. पत्र्याचा डबा, लाकडी खोकं, सुतळीचा तुकडा, यातलं काहीही टाकून देणं त्या पिढीला परवडत नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघरातली सेयल मानी इथे अजून होते. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचे तुकडे कांदा, लसूण, टोमॅटो आणि भरपूर कोथिंबिरीच्या रश्श्यात शिजवायचे. आपल्याकडे त्याच पोळीची फोडणीची पोळी होते, गूळ-तूप घालून लाडू होतात. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळते. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फणस खाल्ल्यावर उकडलेल्या आठळ्या. सिंधी आणि मराठी घरं या पट्ट्यात भिंतीला भिंत लावून नांदली, आणि शिळी पोळी टाकायची नाही यावर दोन्हीकडच्या आज्ज्यांचं एकमत होतं. घरात कचरा कमी होण्याची सुरुवात तिथूनच होते. जे खाल्लं, ते डब्यात जात नाही.

आता डम्पिंगकडे या. उल्हासनगरचा कचरा आधी म्हारळजवळच्या राणा खदाणीत गेला, मग कॅम्प पाचमध्ये डोंगर उभा राहिला. अंबरनाथचा मोरिवलीहून चिखलोलीच्या बाजूला सरकला. बदलापूरचा वालिवलीला पडतो आणि तिन्ही शहरांचा मिळून जो एकत्रित प्रकल्प ठरला, तोही वालिवलीलाच. दर वेळी भांडण एकच: ढीग कुणाच्या दाराशी? जिथे जागा ठरते तिथले लोक विरोध करतात, आणि त्यांचं काय चुकलं? आपल्या स्वयंपाकघरातली घाण त्यांनी का हुंगावी?

ढीग पेटतो तेव्हा आपण काडी कुणी लावली ते शोधत बसतो. ओलं आणि सुकं एकावर एक दाबलं गेलं की आत हवा पोचत नाही. ओलं हवेविना कुजतं, मिथेन वायू तयार होतो, आणि वर कागद-प्लास्टिकचं सरपण रचलेलंच असतं. वरची आग बंब विझवतो, आतली धुमसत राहते. कॅम्प पाचच्या रहिवाशांनी हा धूर वर्षानुवर्षं सोसला आहे.

थोडा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांच्या वर होती, अंबरनाथची अडीच लाख, कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख. एकूण नऊ लाख तीस हजारांच्या आसपास, आणि त्यानंतर या पट्ट्यात किती इमारती उठल्या ते आपण लोकलच्या खिडकीतून रोज बघतो. ती जुनीच संख्या घेतली आणि माणशी रोज चारशे ग्रॅम कचरा धरला, तरी दिवसाला पावणेचारशे टन होतात. आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त भाग ओला असतो. तो घराच्या पातळीवर वेगळा झाला, तर उरलेल्या निम्म्यातलं बरंच काही विकलं जाणारं असतं. मिसळला, तर सगळं मातीमोल.

म्हणून घरात एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: सुकं ओलं होऊ देऊ नका. आमटीचा हात पुसलेला कागद रद्दीत टाकला की खालचा गठ्ठा वास मारतो, भंगारवाला तो बाजूला काढतो. खाऊच्या डब्याला चिकटलेलं तेल धुतलं नाही की तो डबा कुणी घेत नाही. पुठ्ठा कोरडा ठेवा, सपाट करा. बाटल्या विसळा. स्वयंपाकघरात दोन डबे आणि गॅलरीत एक पोतं, याहून जास्त सामग्री लागत नाही. भाज्या धुतलेल्या पाण्यातच बाटल्या विसळता येतात. या तीन शहरांत टँकरचं पाणी किती किमतीचं असतं ते मला कुणाला सांगायला नको.

दुधाच्या पिशवीकडे विशेष लक्ष द्या. रोजची आहे, म्हणून तिची बेरीज मोठी होते. कोपरा कापताना तो इवलासा त्रिकोण तोडून टाकू नका, पिशवीलाच लटकता राहू द्या. तो तुकडा इतका लहान असतो की कुणाच्याही हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी पूर्ण उभी कापा, आतून धुवा, ओट्याच्या फरशीला चिकटवा. सुकली की आपोआप सुटते. महिनाभराचा गठ्ठा रद्दीवाल्याला द्या. ही पिशवी चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकची असते आणि धुतलेली असेल तर तिला भाव येतो.

बदलापूर लोकलच्या महिलांच्या डब्यात संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायका मी नेहमी पाहते. मटार सोलले जातात, मेथी खुडली जाते, गवार मोडली जाते, डोंबिवली येईपर्यंत उद्याची भाजी तयार. त्यातल्या बहुतेक जणी देठ आणि टरफलं वेगळ्या पिशवीत भरून घरी नेतात. नोकरी, प्रवास आणि घर ओढणारी बाई हलत्या गाडीत ओला कचरा वेगळा ठेवू शकते. मग तीन खोल्यांच्या घरात, स्थिर ओट्यापाशी, बाकीच्या कुटुंबाला ते का जमू नये? आणि जमवायचं काम तिच्या एकटीवरच का?

उल्हासनगरचं आणखी एक बळ म्हणजे जीन्स. इथे जीन्स कापल्या आणि शिवल्या जातात, देशभर जातात. त्यांची धुलाई करणाऱ्या कारखान्यांनी वालधुनी नदी निळी-काळी केली. प्रदूषणाचे खटले झाले, धुलाई कारखाने बंद पडले, काही आजूबाजूला सरकले. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या नदीच्या काठी उभं आहे, तीच ही नदी. एक जीन्स कापसाच्या शेतापासून दुकानापर्यंत पोचेतो सुमारे साडेसात हजार लिटर पाणी खर्च होतं, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. एवढं पाणी पिऊन तयार झालेलं कापड गुडघ्यावर विरलं म्हणून फेकून द्यायचं?

विरतो तो गुडघा आणि बैठक. पोटऱ्यांचा भाग बहुधा नव्यासारखा असतो. तो कापून घ्या, खालचं तोंड दुहेरी टीप मारून बंद करा, कमरपट्ट्याचे दोन बंद लावा. पाच किलो कांदे-बटाटे सहज पेलणारी पिशवी होते. घरच्या मशीनला सोळा नंबरची सुई घाला, बारीक सुई डेनिमवर मोडते. जाड शिवण आली की आधी ती हातोडीने ठोकून चपटी करा आणि चाक हाताने फिरवून तेवढे टाके घ्या. मशीन नसेल तर गल्लीतल्या शिंप्याकडे द्या, त्याला दोन पैसे मिळतील. मागचा खिसा उसवून भिंतीवर टांगला की चाव्या, कात्री, चष्मा यांची सोय होते. उरलेल्या पट्ट्यांची वेणी घालून पायपुसणं शिवा. कारखान्यांतली चिंधीही अशीच वापरता येईल. या शहरात कापड आहे, मशीन आहे, शिवणारे हात आहेत. महापालिकेने बचतगटांना ही चिंधी मिळवून दिली, तर भाजी मंडईच्या पिशव्यांसाठी बाहेर बघायची गरज उरणार नाही.

कारण पिशवीचा प्रश्न अजून जागच्या जागी आहे. मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, जूनमध्ये अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तुरुंगवास. तरी आज स्टेशनबाहेर पाव किलो मिरच्या घ्या, पातळ पिशवी मिळते. भाजीवालीला दोष देणं सोपं आहे. पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जातं, हे तिला ठाऊक असतं. आपण पिशवी घेऊन गेलो तर तिचाही खर्च वाचतो. ऑफिसच्या बॅगेत कायम एक कापडी पिशवी असू द्या. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर भाजी घेणाऱ्यांच्या शहरात दुसरा उपाय नाही.

ती पातळ पिशवी पुढे कुठे जाते ते २६ जुलै २००५ च्या पुरात दिसलं, २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली तेव्हा पुन्हा दिसलं. उल्हास नदीला पूर येण्याची कारणं मोठी आहेत, पात्रातली बांधकामं आहेत, एका पिशवीने पूर येत नाही. पण नाल्याचं तोंड बंद करायला पिशव्या पुरतात, आणि पाणी ओसरल्यावर कुंपणांना, झुडपांना, पुलाच्या कठड्यांना काय लटकलेलं असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. उल्हास नदीचं पाणी आपण पितो. तिच्यात गटार सोडायचं, वर प्लास्टिक टाकायचं आणि जलपर्णी वाढली म्हणून ओरडायचं, हे थांबलं पाहिजे.

एक गोष्ट काटकसरीची नाही, तरी ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वापरलेले सॅनिटरी पॅड, मुलांचे आणि वृद्धांचे डायपर, फुटलेली काच, इंजेक्शनच्या सुया सुक्या कचऱ्यात टाकू नका. तुमची पिशवी कुणीतरी हाताने उघडतं. बऱ्याचदा त्या हातात मोजा नसतो. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे ती पुडी उघडावी लागणार नाही. लाल पेन पाच-दहा रुपयांचं. आपल्या तिन्ही शहरांनी हे उद्यापासून करावं. काच जाड कागदात बांधा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. आपला कचरा उचलणाऱ्या माणसाचं बोट कापलं जाऊ नये, एवढी माणुसकी आपल्याकडून मागायची वेळ येऊ नये.

आणि हे सगळं आपल्या भागात होत नाही, असं कुणी म्हणू नका. कोकणात वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने कचऱ्याचं इतकं बारीक वर्गीकरण केलं की डम्पिंगच्या जागी बाग झाली आणि लोक ती बघायला येऊ लागले. प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला, ओल्याचा गॅस झाला. वेंगुर्ला लहान आहे, मान्य. पण प्रत्येक प्रभाग वेंगुर्ल्याएवढा धरून कामाला लागायला कुणाची आडकाठी आहे?

उरला ओला कचरा. तो घरातच जिरवा. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर एक थर साली-देठांचा, एक थर सुक्या पानांचा. सुरुवातीला पेलाभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत टाका. दोन-तीन दिवसांनी काठीने हलवा. वास आला तर ओल जास्त झाली आहे, सुकं वाढवा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काम करत आहेत. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत हाती येतं. सुक्या पानांऐवजी लाकडाचा भुसा चालतो आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात भुशाला तोटा नाही. मात्र तो सरळ लाकडाचा हवा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात, ती झाडांना नकोत.

पानांची तजवीज वेळेत करा. शिशिराची पानगळ होते तेव्हा झाडणारे मामा पानांचे ढीग पेटवतात, त्यांना ते पेटवू देऊ नका. चार-पाच पोती भरून जिन्याखाली, कोरड्या जागी ठेवा. जूनमध्ये बदलापूरचा पाऊस सुरू झाला की चार महिने कोरडं पान मिळत नाही, आणि बादल्या नेमक्या तेव्हाच चिकट होतात.